पडवीतले कुलगुरू

खोली भाड्यानं घ्यायला आलेला माणूस आधी पाणी विचारतो, मग संडास कुठं ते विचारतो, मग वीज किती वेळ जाते ते विचारतो. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. गाडीतून उतरले, तडक पडवीच्या खोलीत शिरले आणि भिंतीला एक थापड मारली. मग दुसऱ्या भिंतीला. मग कान लावून उभे राहिले.

आतून बायको ओरडली, "अवं, कोण हाय? भिंत का मारतोय?"

"मालक," ते मला म्हणाले, "ही भिंत मातीची ना?"

"मातीची. माझ्या हातची हाय. पोरगा मागं लागलाय पाडून सिमेंटची बांधू म्हणून. मी नाय म्हणतो."

"नाहीच म्हणत राहा. खोली मी घेतली."

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा नवं विद्यापीठ झालं होतं. त्याचे हे कुलगुरू, सगळ्यात वरचे साहेब, हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. मी म्हटलं, असतील. माझ्या पडवीत राहणार तर भाडेकरू. विद्यापीठानं त्यांना बंगला दिला होता, चारी बाजूंनी काचा लावलेला. पण काचेच्या घरात पखवाज वाजवला की आपल्याआधी काचाच बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कर्जतपासून खोपोलीपर्यंत मातीची भिंत शोधत फिरले आणि कडावच्या अलीकडं आमच्या गावात येऊन थांबले.

मला शाळा चौथीपर्यंत. पुढं गेलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण कळत नाही ते मी विचारतो. कुलगुरू काय करतात, विचारलं.

"सह्या," ते म्हणाले.

"तेवढंच?"

"आणि लोक भांडत असले की मधे जाऊन बसणं."

"मग ते तर आमचा पोलीस पाटीलपण करतो."

ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. त्या दिवसापासून मी त्यांना मास्तर म्हणायला लागलो. ते मला मालक म्हणायचे. शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मास्तर मूळचे पखवाजवाले. लहानपणी कीर्तनकाराच्या मागं बसायचे, मोठेपणी मोठमोठ्या गाणाऱ्यांच्या बाजूला. विमानानं परदेशात गेले, तिथंही बाजूलाच बसले. मग कुठल्याशा विद्यापीठात शिकवायला लागले, खात्याचे प्रमुख झाले, डॉक्टरकीची पदवीही घेतली. ती कशावर घेतली विचारलं तर म्हणाले, "डाव्या पुडीवर." मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. पखवाजाच्या डाव्या तोंडावर यांनी एवढं जाड पुस्तक लिहिलं होतं. खालापूरच्या संस्थेला फाटकावर लावायला मोठं नाव पाहिजे होतं. नाव मोठं आणि माणूस गरीब, असा हिशेब केला असणार अध्यक्षांनी. माणूस गरीब होता, पण गरीब गाय नव्हता.

त्या डाव्या पुडीनं आमच्या घरात गहू आणला. पखवाजाच्या त्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी नवी. आमचा मुलूख भाताचा, भाकरीसुद्धा तांदळाची. गहू सणाला. पहिल्याच सकाळी मास्तर वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.

"वहिनी, मूठभर कणीक मिळेल?"

"पोळी खायची तर करून देते की. कच्ची कणीक कशाला खाता?"

मग त्यांनी पखवाज आणून दाखवला. घरात गहू नव्हता म्हणून बायकोनं तांदळाचं पीठ भिजवून दिलं. ते दोन थापा पडायच्या आत सुकून मांडीवर गळलं. "वहिनी, तुमचा तांदूळ पोटाला उत्तम, पखवाजाला नाही." बायको कुणाचं ऐकून घेत नाही. म्हणाली, "मग त्याला घाटावर न्या बांधायला." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कर्जतहून गव्हाची गोणी आणली. खरवडलेली कणीक आमच्या म्हशीला मिळायची. वाजवणं संपत आलं की ती गोठ्यात उठून उभी राहायची. बायको म्हणायची, या माणसाचं गाणं या गावात कळतं ते एकट्या म्हशीला.

दुसरी तऱ्हा मोबाइलची. वाजवायला बसायच्या आधी ते मोबाइल आमच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायचे. तांदळात आवाज दबतो, म्हणत. एकदा बायकोनं भात टाकायला झाकण उघडलं आणि ओरडलीच, "अवं, तांदूळ वाजतोय!" मंत्र्याच्या कचेरीतला फोन होता. तिनंच घेतला आणि सांगितलं, साहेब पूजेला बसलेत. मास्तर म्हणाले, वहिनी खोटं नाही बोलल्या.

आमचं भांडण झालं ते कोंबड्यावरून. माझा कोंबडा आरवायचा तो यांच्या तालात मधेच. "मालक, याला लय नाही. विकून टाका." मी म्हटलं, कोंबडा माझा, उकिरडा माझा, आरवणार. आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बायको मधे निरोप्याचं काम करायची आणि दोघांनाही शिव्या घालायची. शेवटी त्यांनीच येऊन सांगितलं, "त्याची जागा कळली मला. त्याला सोडून वाजवतो." माघार त्यांनी घेतली, मी नाही, एवढं इथं लिहून ठेवतो.

विद्यापीठातलं मला कळायचं ते नातीकडून. आमची नात पडवीच्या भिंतीला पाठ लावून ऐकत बसायची. ऐकता ऐकता तिचे हात मांडीवर चालायला लागले. मास्तरांनी विद्यापीठात संगीताचं खातं काढलं, त्यात पहिल्या तुकडीत ती गेली, पखवाज शिकायला. गावात कुजबुज झाली, पोरीच्या जातीनं पखवाज मांडीवर घ्यायचा का? मी म्हटलं, मांडी तिची, हात तिचे, तुमचं काय दुखतंय?

ती सांगायची, सरांनी आपल्या कचेरीतली उंच पाठीची फिरती खुर्ची फाटकावरच्या वॉचमनला देऊन टाकली आणि स्वतः सतरंजीवर बसले. बाहेरची बडी माणसं गाडीतून उतरून वॉचमनलाच वाकून नमस्कार करायची. आणि आत गेल्यावर त्यांना मांडी घालावी लागायची. गुडघे दुखले की माणसं थोडक्यात बोलतात, हे मास्तरांचं तत्त्व.

एकदा मेसच्या जेवणावरून पोरांनी मोर्चा काढला. कचेरीसमोर घोषणा सुरू. मास्तर बाहेर आले, पायरीवर बसले, डोळे मिटून ऐकलं आणि हात वर केला. "कोण सुरुवात करतंय? तू? तू अर्धी मात्रा आधी सोडतोस. म्हणून मागचे लंगडतायत. परत." पोरांना वाटलं साहेब चेष्टा करतोय. पण ते मांडीवर ताल धरून बसलेलेच. परत, परत करत त्यांनी ती घोषणा अशी बसवली की वर्गात शिकवणाऱ्या बाईसुद्धा खिडकीतून म्हणायला लागल्या. मग म्हणाले, "आता मोर्चा वाजला. मागणी सांगा." आणि त्या दिवसापासून स्वतः मेसमध्ये जेवायला लागले. महिन्याभरात डाळीत डाळ दिसायला लागली.

मी एकदा विचारलं, "मास्तर, एवढे मोठे वाजवणारे तुमी, ह्या सह्यांच्या धंद्यात कशाला पडलात?"

म्हणाले, "मालक, मी जन्मभर साथ केली. गाणारा पुढं, मी बाजूला. तो चुकला तर सावरायचा, चांगला गायला तर टाळी त्याची. हे पदही तसंच आहे. फक्त लोकांना वाटतं मी गातोय."

पुढं ते खोली सोडून गेल्यावर खोलीला दोन गिऱ्हाइकं आली. एक तर कंपनीतला चांगला नोकरदार होता. दोघांनीही पाणी आधी विचारलं. मी नाय म्हटलं.

तर त्यांची मुदत संपत आली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मास्तर एकाएकी म्हणाले, "मालक, मला परत कुलगुरू व्हायचंय."

"तुमाला? खुर्ची तर वॉचमनला दिलीत."

"खुर्चीसाठी नाही. अध्यक्षांना संगीताच्या खात्यात हॉटेलच्या कोर्सचं स्वयंपाकघर घालायचंय. मी आहे तोवर अडवलंय. पोरांची पहिली तुकडी अजून अर्ध्यात आहे. मी गेलो की ती अधांतरी."

नात आत चुलीपाशी होती. तिचं भाकरी थापणं थांबलं, ते मला ऐकू आलं.

शनिवारी कमिटी बसणार होती. मास्तरांना बोलावून विचारणार, मग ठरवणार. ते आठवडाभर तयारी करत होते. कमिटी म्हणून बायकोला समोर बसवायचे. ती भाजी निवडता निवडता विचारायची, "बोला, तुमाला परत घेऊन आमचा काय फायदा?" आणि मास्तर खरंच घाम पुसत उत्तर द्यायचे. त्या माणसाला मी कशासाठीही एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या गावचा सप्ताह होता. भाताची झोडणी उरकली की मार्गशीर्षात मारुतीच्या देवळात सात दिवस अखंड नाम चालतं. वीणा गळ्यात घालून एक माणूस उभा, तो नाम घेत मंडपात फेऱ्या घालतो. त्याचा पाहरा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा. सात दिवस ती खाली टेकत नाही. हे सगळीकडंच आहे. पण आमच्या गावात आणखी एक आहे. पाहऱ्याचा विडा देवापुढं ठेवतात. ज्यानं उचलला, पाहरा त्याचाच. मधे बदली नाही. वीणा गळ्यात असेपर्यंत नामाशिवाय तोंडातून शब्द नाही. माझ्या आज्यानं घातलेला नियम आहे, आणि त्याच्यानंतर सप्ताहाचा कारभार माझ्याकडं आहे. एकाची म्हैस व्याली, तर तेही त्याला पाहरा उतरल्यावर सांगितलं होतं.

मास्तरांनी शुक्रवारी सकाळचा, दहा ते बाराचा विडा उचलला. कमिटी शनिवारी, मग काय अडचण?

शुक्रवारी मास्तर अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून वीणा घेऊन उभे राहिले. थोड्या वेळानं विद्यापीठाची गाडी धूळ उडवत देवळासमोर आली. आतून त्यांचे रजिस्ट्रार उतरले. सगळे कागद सांभाळणारे, भला माणूस, पण घाबरट.

"सर! मीटिंग आज आहे! अध्यक्षांना उद्या दिल्लीला जायचंय म्हणून आजच घेतली. कालपासून फोन करतोय मी!"

महाप्रसादाची भाजी चिरत बसलेल्या बायकोनं कपाळाला हात लावला. "अगं बाई. फोन तांदळात हाय."

सप्ताहात घरची चूल बंद, सगळ्यांचं जेवण देवळात. मास्तर फोन काढायला विसरले आणि डबा कुणी उघडलाच नव्हता.

मास्तरांचं पाऊल अडखळलं, एवढंच. नाम तुटलं नाही. ते फेरीला वळले. रजिस्ट्रार त्यांच्या मागं मागं चालायला लागले, "सर, गाडी आहे, अजून पोचू, सर," आणि तेही नकळत फेऱ्या घालायला लागले. म्हाताऱ्या बायकांना वाटलं साहेबांचा नवस असेल.

मग नात आली. हात भाजीनं माखलेले. मास्तरांकडं नाही, माझ्याकडं आली.

"आजोबा, वीणा घ्या त्यांच्याकडनं."

"विडा त्यांचा हाय."

"आणि आमचं वर्ष? आमी आठ जण हाय. ते नाय गेले तर उद्या तिथं शेगड्या बसतील. नियम तुमच्या आज्याचा हाय ना? मग तो माझापण कुणीतरी लागतो. त्याला काय पोरीचं वर्ष घालवायचं होतं?"

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. माझ्या आज्याचा नियम आणि माझ्या नातीचं वर्ष, दोन्ही एका माणसाच्या गळ्यात अडकलं होतं. मी उठलो, पाय धुतले आणि मास्तरांच्या वाटेत जाऊन हात पुढं केले.

"द्या मास्तर. मी उभा राहतो. दोष लागंल तो मला लागंल."

देवळातले टाळ हळू झाले. उभ्या जन्मात मी नियम मोडल्याचं कुणी बघितलं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मान हलवली, नाही म्हणून. आणि मला वळसा घालून पुढं गेले. पुढच्या फेरीला मी परत हात केले. परत वळसा.

"सर, जा ना हो!" नात ओरडली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाराच्या आधी अध्यक्ष स्वतः आले. लांब गाडी, काळा कोट. मंडपाच्या दारात उभे राहून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"सप्ताह चाललाय," मी म्हटलं. "बूट बाहेर."

त्यांनी काढले. आमच्याकडं मंडपात कुणी रिकाम्या हातानं उभं राहत नाही. कुणीतरी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि हातात टाळ दिले.

"त्यांना सांगा, पाच माणसं तिकडं खोळंबली आहेत."

"त्यांना ऐकू येतंय. बोलता येत नाय. वीणा गळ्यात हाय."

"मग तुम्ही घ्या ना ती!"

"मागितली. दोनदा. नाय दिली."

"विद्यापीठाचा प्रमुख हा! काही शिस्त आहे की नाही?"

"साहेब, ही शिस्तच हाय. दुसरं काय हाय ही?"

रागानं म्हणा, सवयीनं म्हणा, अध्यक्षांचे टाळ वाजायला लागले, पण भलतीकडंच. सगळ्या देवळाचं एक, त्यांचं एक. मास्तर फेरी घालत जवळ आले आणि नाम न तोडता त्यांनी अध्यक्षांचं मनगट धरलं. दोन ठोके चुकवून तिसऱ्याला बरोबर पाडलं, आणि पुढं गेले. मंडपात हशा पिकला. अध्यक्षांनी टाळ रजिस्ट्रारांच्या हातात कोंबले आणि बूट न बांधताच गाडीत बसले.

तिथंच पद गेलं, हे सगळ्यांना कळलं.

बारा वाजता मास्तरांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली, दंडवत घातला आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं.

"मास्तर, का नाय दिलीत? मी मोडत होतो ना नियम."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "गाणं चालू असताना उठायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नाही, मालक. गुरुजींचं तेवढं एक शिकवायचं राहून गेलं."

नात समोर उभी होती. "तुमचं गाणं पुरं झालं, सर. आमचं काय?"

आम्ही दोघं म्हातारे खाली मान घालून बसलो.

सोमवारी मास्तर टमटममध्ये बसून विद्यापीठात गेले. पुढं झालेलं रजिस्ट्रारांनीच येऊन सांगितलं. मास्तर अध्यक्षांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पद राहू द्या. मला संगीताच्या खात्यात मास्तर म्हणून ठेवा."

अध्यक्ष चकित झाले. "अहो, कुलगुरू होतात तुम्ही. लोक काय म्हणतील?"

"त्याआधी मास्तरच होतो. परतीची वाट माहीत आहे."

अध्यक्षांनी ठेवलं, पण अट घालून. नवी पोरं घ्यायची नाहीत. ही तुकडी बाहेर पडली की खातं बंद. मास्तरांनी मान्य केलं. खात्याची अर्धी खोली गेली, मधे पातळ फळी आली आणि पलीकडं कांदे तळायला लागले. ज्या कचेरीत ते सतरंजीवर बसायचे तिच्या बाहेर आता रजेचा अर्ज घेऊन उभे राहायचे. शिपाई उठायला लागला की त्याला खाली बसवायचे. नात पहिले काही दिवस त्यांच्याशी फक्त पखवाजापुरतं बोलली. ते तिला रोज जास्तच वाजवायला लावायचे. घरी येऊन ती हात शेकायची आणि शिव्या द्यायची, पण गैरहजर एक दिवस राहिली नाही.

तुकडी पुरी झाली. पदवीदानाला मी कोट घालून गेलो. मांडवात आईबापांसाठी मागं खुर्च्या होत्या, तिथं मास्तर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांना वर बोलावलंच नव्हतं. व्यासपीठावर नवे कुलगुरू, शेजारी अध्यक्ष. संगीताच्या खात्याची पोरं पुकारली. आठही जण रांगेनं वर गेले, पदवी घेतली, नव्या कुलगुरूंना रीतसर वाकले. त्यात कसूर केली नाही. पण खाली उतरल्यावर आपल्या जागेवर गेले नाहीत. सगळ्या खुर्च्या ओलांडून रांग मागं आमच्याकडं आली, आणि एकेक जण मास्तरांच्या पायाशी बसून डोकं टेकवायला लागला.

वर पुढचं नाव पुकारणारा थांबला. सगळा मांडव मान वळवून मागं बघत होता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "अगं, पुरे. जा जागेवर. तिकडं सगळे खोळंबलेत."

"खोळंबू दे," नात म्हणाली, आणि सगळ्यांच्या मागं जाऊन रांगेत उभी राहिली. "माझी पाळी यायचीय अजून."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मालक, आता तुम्हीच सांगा हिला, असं.

मी कशाला सांगतो.